वंचितांच्या आयुष्याचा जमाखर्च : पेरी बालशाळा अभ्यासाविषयी

एकाच समूहातील मुलांचा बालपणापासून प्रौढ वयापर्यंत सातत्याने मागोवा घेणारे संशोधन मुळातच विरळ. तो समूह गरीब आणि अल्पसंख्य समाजातील असावा, हे तर अधिकच विरळ. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या पश्चिमेस, इप्सिलँटी नावाचे एक लहान औद्योगिक शहर आहे. तेथे १९६२ साली सुरू झालेला पेरी बालशाळा अभ्यास हा या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध अभ्यास होय. बालशिक्षणाच्या धोरणावर लिहिणारा कोणीही त्याचा आधार घेतल्याविना सहसा राहत नाही. त्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि त्याच्या मांडणीत एक गंभीर उणीव आहे आणि तिच्याकडे लक्ष वेधणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची रचना साधी होती. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील तीन-चार वर्षांची १२३ मुले निवडण्यात आली. त्या सर्वांचा बुद्ध्यंक ७० ते ८५ यांच्या दरम्यान होता. त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटातील ५८ मुलांना बालशाळेत प्रवेश मिळाला, तर उरलेल्या ६५ जणांना मिळाला नाही. निवड नशिबावर सोपविली होती. मात्र भावंडे एकाच गटात ठेवण्यात आली आणि आई कामावर जात असल्याने काही मुले दुसऱ्या गटात हलवावी लागली. रोज सकाळी अडीच तास शाळा भरे. आठवड्यातून एकदा शिक्षिका घरी जाऊन मुलाला व आईला दीड तास देत असे. मुलाने काय करावयाचे ते आधी ठरवावे, ते करावे, आणि मग त्याविषयी बोलावे, अशी पद्धत होती. तिच्यामागे पियाजे यांच्याप्रमाणेच जॉन ड्यूई यांचाही विचार आहे. बाबासाहेबांचे कोलंबियातील गुरू म्हणून ड्यूई आपल्या वाचकांना परिचित आहेतच.

पाचव्या वर्षी बालशाळेतील मुलांपैकी शेकडा ६७ जणांचा बुद्ध्यंक ९० किंवा त्याहून अधिक भरला; दुसऱ्या गटात हे प्रमाण शेकडा २८ होते. पण आठव्या वर्षाच्या सुमारास हे अंतर जवळपास मिटले. अभ्यास येथेच थांबला असता तर तो फसला असाच निष्कर्ष निघाला असता. १९६९ साली आर्थर जेन्सन यांनी नेमका असाच निष्कर्ष काढला. अशा मुलांसाठीचे पूरक शिक्षण निष्फळ ठरले असून वंशावंशांतील बुद्ध्यंकाच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा असावा, असे त्यांनी मांडले. पेरीच्या संशोधकांनी मात्र मुलांची पाठ सोडली नाही. १९, २७ आणि ४० या वयांत त्यांनी प्रत्येकाला गाठले. चाळिसाव्या वर्षी हयात असलेल्यांपैकी शेकडा ९७ जणांच्या मुलाखती झाल्या. बुद्ध्यंकातील वाढ टिकली नव्हती, परंतु आयुष्यातील फरक टिकला होता. शालान्त शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण बालशाळेच्या गटात शेकडा ६५, तर दुसऱ्या गटात ४५ होते. पाच वा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ३६ व ५५ होते. गुणांच्या एका आकड्यावरून माणसाची लायकी ठरविणाऱ्यांना एवढे चोख उत्तर क्वचितच मिळाले असेल.

असे असता उणीव कोठे आहे? ती पाहण्यासाठी आरंभाकडे जावे लागते. डेव्हिड वायकार्ट हे इप्सिलँटीच्या शालेय विभागात विशेष सेवांचे प्रमुख होते. कृष्णवर्णीय मुलांना वर्षानुवर्षे त्याच वर्गात बसविले जाते, मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गात टाकले जाते, हे त्यांनी पाहिले. प्रथम त्यांनी शाळांतच बदल सुचविले. मुख्याध्यापकांकडून साथ मिळेना, तेव्हा शाळेच्या अधिकारकक्षेबाहेरचे, म्हणजे तिच्यात अद्याप न आलेले मूल त्यांनी हाती घेतले. शाळा बदलली नाही. बदलावे लागले ते मुलाला. वायकार्ट यांचा नाइलाज समजण्याजोगा आहे. पण पुढील चाळीस वर्षे मोजमाप झाले ते मुलाचेच.

त्या काळच्या लेखनात या मुलांना 'सांस्कृतिकदृष्ट्या वंचित' म्हटले जाई. हा शब्द आपणही सहज वापरतो, म्हणून थोडे विषयांतर. पालीत 'वञ्चेति' म्हणजे फसवितो. 'वञ्चित' म्हणजे फसविला गेलेला. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात खोटी तराजू व खोटी मापे यांच्या पंक्तीतच 'वञ्चन' येते. फसवणूक म्हटली की फसविणारा आलाच. इंग्रजी परिभाषेत मात्र तो नाहीसा होतो आणि उरते ते केवळ मुलातील न्यून, जणू ते त्याला जन्मतःच मिळाले असावे.

अटकेचा आकडाच घ्यावा. अहवालांत तो व्यक्तीच्या वर्तनाचा निदर्शक म्हणून येतो. परंतु अटक होण्यास दोन पक्ष लागतात आणि दुसऱ्या पक्षाचे, म्हणजे पोलिसांचे, मोजमाप येथे नाही. तीच गोष्ट मिळकतीची. इप्सिलँटीजवळील विलो रन येथील जनरल मोटर्सचा मोटारजोडणी कारखाना १९९३ साली बंद झाला. तेव्हा ही मुले तिशीत होती. त्यांच्या वेतनावर चार वर्षांच्या वयातील शाळेचा परिणाम किती हे तक्त्यांवरून कळते. बंद झालेल्या कारखान्याचा परिणाम किती, हे कळत नाही.

ही उणीव सर्वांत ठळक होते ती जमाखर्चात. चाळिसाव्या वर्षीच्या अहवालात प्रत्येक मुलामागे १५,१६६ डॉलर खर्च आणि करदात्या समाजास १,९५,६२१ डॉलर लाभ, म्हणजे एका डॉलरमागे १२.९० डॉलर परतावा, असा हिशेब आहे. यातील शेकडा ८८ लाभ गुन्हे टळल्यामुळे झालेल्या बचतीचा आहे; शेकडा ९३ लाभ पुरुषांमुळे आहे. आता त्याच अहवालातील मुलींकडे पाहावे. बालशाळेत गेलेल्या मुलींपैकी शेकडा ८४ जणींनी शालान्त शिक्षण पूर्ण केले; न गेलेल्यांत हे प्रमाण अवघे ३२ होते. मुलांमध्ये असा फरक दिसलाच नाही. संपूर्ण अभ्यासातील कदाचित सर्वांत मोठी अशी ही घटना, आणि हिशेबाच्या वहीत तिला जागा उरली शेकडा सातच्या आत. कृष्णवर्णीय स्त्री शिकली याहून कृष्णवर्णीय पुरुषाने चोरी केली नाही, ही बाब या वहीला कितीतरी मोलाची वाटते. गणित चुकलेले नाही. वही कोणाची, हा प्रश्न आहे. ती करदात्याची आहे. त्या मुलींची नव्हे.

ग्रंथांच्या शीर्षकांतही हा प्रवास दिसतो. १९८४ च्या अहवालाचे नाव होते 'चेंज्ड लाइव्ह्ज', म्हणजे बदललेली आयुष्ये. १९९३ च्या अहवालाचे नाव झाले 'सिग्निफिकंट बेनिफिट्स'. आयुष्यांच्या जागी लाभ आले. शासनाकडून पैसा मिळवावयाचा तर याच भाषेत बोलावे लागते, हा युक्तिवाद मला मान्य आहे, आणि त्यामुळे अनेक बालशाळांना बळ मिळाले हेही खरे. पण ज्या समाजाने मुलांना नाकारले त्याच्याच फायद्याच्या आधारे त्यांचा हक्क मागावयाचा, तर परतावा घटला की हक्कही घटणार.

नोबेल पारितोषिक मिळविणारे अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी ही सामग्री पुन्हा तपासली. गट पाडण्यातील दोष लक्षात घेऊनही बहुतेक निष्कर्ष टिकतात, असे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. २०१९ साली त्यांनी या व्यक्तींच्या अपत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालशाळेत गेलेल्यांच्या मुलांना शाळेतून निलंबित होण्याची वेळ कमी आली आणि पुढे त्यांच्यात नोकरीत असलेल्यांचे प्रमाणही अधिक राहिले. या तक्त्यांतही दोन रकाने आहेत. दुसऱ्या रकान्यात त्या ६५ जणांची मुले आहेत. त्यांच्या आईवडिलांनी काहीही न मिळता संशोधकांच्या प्रश्नांना चाळीस वर्षे उत्तरे दिली होती.