ओटी गेली, ओटा आला

नाटक पाहून आलो की आपण त्याची चिरफाड करतो. कादंबरी फसली तर चारचौघांत तसे सांगतो. परंतु ज्या इमारतीत सारे आयुष्य काढावयाचे, तिच्यावर कोणी टीका लिहीत नाही. चौरस फुटाचा भाव विचारला की आपले परीक्षण संपते. म्हणून रायगडच्या किनाऱ्यावर मुंबईच्या नकलेने उठणाऱ्या इमारतींविषयी मी हे लिहीत आहे.

अलिबाग, चौल, रेवदंडा या पट्ट्यातील जुने घर डोळ्यांपुढे आणा. नारळी-पोफळीची वाडी, अंगण, मग ओटी आणि त्यामागे माजघर. ओटी घराचीही असे आणि वाटेचीही. जाणारा-येणारा तेथे टेकावयाचा, तांब्याभर पाणी प्यावयाचा, चार गोष्टी बोलून उठावयाचा. त्याला कोणी मुद्दाम बोलावलेले नसे, म्हणून तो उठून गेल्याचे कोणाला वाईटही वाटत नसे. एकट्या म्हातारीचे दार सकाळी उघडले नाही, तर ते समोरच्या ओटीवरून आपोआप कळे. मात्र ओटीचे गोडवे गाताना हेही विसरू नये, की तिच्यावर कोणी बसावे आणि कोणी अंगणातच उभे राहावे, हे जात ठरवीत असे.

याच किनाऱ्यावरची माणसे पोटासाठी मुंबईस गेली आणि चाळींत राहिली. 1920 च्या दशकात सरकारने बांधलेल्या बी.डी.डी. चाळींत खोली 160 चौरस फुटांची, मधून लांब बोळ, आणि संडास सामाईक. तेथे शेजार फुलला हे खरे. पण तो टाळण्याची सोय नव्हती, हेही तितकेच खरे. नवरा-बायकोचे भांडण सगळ्या मजल्याचे होई. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' 1958 साली पुस्तकरूपाने आली. ती वाचून आपण हसतो आणि हळहळतोही. मला मात्र त्या हसण्यामागे माणसांच्या स्वभावाइतकाच इमारतीचा नकाशा दिसतो. जिना एक, नळ एक. न भेटता माणूस जाईल कोठे? तेव्हा संधी मिळताच जे फ्लॅटमध्ये गेले, त्यांना स्वार्थी म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांना दार लावून घेण्याचा हक्क हवा होता.

माझी तक्रार त्या दारावर नाही. दाराबाहेर काहीच ठेवले नाही, यावर आहे. तळमजला मोटारींना दिलेला, गच्चीला कुलूप, जिना अंधारा. दोन दारांमधल्या चिंचोळ्या जागेत उभे राहिले, तर माणूस चोरासारखा दिसतो. त्यात कित्येक फ्लॅट मुंबईकरांचे, शनिवार-रविवारी उघडणारे. घरातील ओटी गेली आणि स्वयंपाकघरात गुळगुळीत ओटा आला. एक दुसऱ्यांसाठी होती, दुसरा केवळ आपल्यासाठी!

यावर उपाय नाही असे नाही. पनवेलच्या खाडीपलीकडे बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात सिडकोसाठी एक वसाहत आखली. सात घरांना मिळून एक अंगण, आणि अशा तीन पुंजक्यांना मिळून आणखी एक मोठे अंगण. प्रत्येक घर स्वतंत्र, भिंतीला भिंत नाही. एकान्तही राहिला आणि थांबावयास जागाही. पुढे रहिवाशांनी बरीच घरे पाडून नवी, उंच बांधली. परंतु अंगणांची आखणी टिकली. चार-पाच मजल्यांच्या इमारतीत एवढे जमणार नाही, हे मान्य. पण जिन्याच्या तोंडाशी उजेड आणि एक बाक, स्वयंपाकघराची एक खिडकी जिन्याकडे, गच्ची संध्याकाळी उघडी, एवढे मागावयास काय हरकत आहे?

12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि मुंबई उरणच्या उंबरठ्याशी आली. आज जे नकाशे मंजूर होतील, त्यांत पुढील पन्नास वर्षे माणसे राहतील. यंदा फराळाचे ताट घेऊन शेजारी जाल, तेव्हा ते दारातूनच आत घेतले जाते की दोन घटका बोलणे होते, हे पाहा. आणि नवे घर घ्यावयाचे असेल, तर ओटा किती फुटांचा हे तुम्ही विचारणारच. दाराबाहेर दोन माणसांना उभे राहून बोलावयास जागा किती, हेही विचारा.