रुबिकचा घन आणि सूत्रांची चिठ्ठी

तुळजापूर, येरमाळा येथे यात्रेच्या दिवसांत खेळण्यांच्या दुकानांवर रुबिकचा घन मिळतो. मुले त्याला क्यूब म्हणतात. घनासोबत पुष्कळदा एक घडी घातलेली चिठ्ठी असते आणि तीत तो जुळवण्याची रीत छापलेली असते. तीच रीत आता मोबाइलवरच्या चित्रफितींतही दिसते. धाराशिव जिल्ह्यातील मुले ती सूत्रे वहीत उतरवून घेतात. तेव्हा या चिठ्ठीला एक छोटे पाठ्यपुस्तक समजून तिचे परीक्षण करावे, असे आम्हांला वाटले.

आधी गुण सांगू. घन थराथराने जुळवावा, हा चिठ्ठीतील क्रम सोपा आणि खात्रीचा आहे. घनाच्या शक्य मांडण्यांची संख्या ४३ लिहून पुढे १८ शून्ये द्यावीत, त्याहूनही थोडी जास्त आहे. खुद्द एर्नो रुबिक यांनी १९७४ साली बुडापेस्टमध्ये हा घन बनवला, तेव्हा तो पहिल्यांदा जुळवायला त्यांना महिन्याहून अधिक काळ लागला. कोणतीही मांडणी २० फेऱ्यांत सुटते, हे २०१० साली संगणकाच्या मदतीने सिद्ध झाले. पण तो मार्ग माणसाला लक्षात ठेवता येण्यासारखा नाही. चिठ्ठीची रीत ठेवता येते.

आमची तक्रार निराळी आहे. चिठ्ठी इंग्रजी अक्षरांची रांग देते आणि फिरवा म्हणते. ही आर, यू, एफ अक्षरे लंडनचे गणितज्ञ डेव्हिड सिंगमास्टर यांनी रूढ केली. ती केवळ बाजूंच्या नावांची आद्याक्षरे आहेत. इंग्रजीत ‘मागची’ आणि ‘तळाची’ यांचे आद्याक्षर एकच येते, म्हणून त्यांनी ‘तळ’ सोडून ‘खाली’ हा शब्द घेतला. मराठीत ही अडचणच नाही. उजवी, डावी, वरची, खालची, समोरची, मागची : सहाही आद्याक्षरे वेगळी. मग मराठी शाळेतल्या मुलाने आर, यू का घोकावे?

याहून मोठी उणीव म्हणजे सूत्र का चालते, हे चिठ्ठी कुठेच सांगत नाही. जुळवलेला घन हाती घ्यावा. उजवी बाजू तिच्याकडे पाहत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवावी, मग तशीच वरची. घनाचे हलणारे तुकडे २० (८ कोपरे, १२ कडा); त्यांतले १३ विस्कटतात. आता उजवी उलट फिरवावी, मग वरची उलट. विस्कटलेले तुकडे मोजावेत. फक्त ७ उरतात! दोन फेऱ्यांनी जे बिघडले, त्यातले बरेचसे चार फेऱ्यांनी सुधारले. हा चौकडा तीन वेळा केला, तर कडा आपापल्या घरी येतात आणि चारच कोपऱ्यांची अदलाबदल उरते. सहा वेळा केला, तर घन पूर्ववत. उलट, नुसती ‘उजवी, वरची’ ही जोडी करीत राहिल्यास पूर्ववत होण्यास ती १०५ वेळा करावी लागते. दोन क्रिया करा, मग त्याच क्रमाने दोन्ही उलटवा, ही एवढी युक्ती चिठ्ठीतील अनेक सूत्रांच्या मुळाशी आहे. ती कळलेले मूल विसरलेले सूत्र पुन्हा शोधू शकते.

१९८१ साली निघालेले जेम्स नर्स यांचे पुस्तक जगभर अफाट खपले, त्याच वर्षी पॅट्रिक बॉसर्ट या इंग्रज शाळकरी मुलाचेही. दोन्ही जुळवणाऱ्यांसाठी होती. सिंगमास्टर यांची टिपणे मात्र घनाकडे गणित म्हणून पाहतात. आपल्या चिठ्ठीने पहिला वारसा घेतला, दुसरा टाकला.

त्याचा फटका कुठे बसतो, तेही पाहावे. स्वस्त घन हातात निखळतो. मूल तुकडे कसेही बसवते आणि चिठ्ठीबरहुकूम फिरवत बसते. शेवटी एकच कोपरा जागच्या जागी पिळलेला, एकच कड उलटी किंवा दोनच तुकडे एकमेकांच्या जागी उरतात. हे तिन्ही दोष कोणत्याही फेऱ्यांनी जाणारे नाहीत. कोपऱ्याच्या ३ शक्यता, कडेच्या २, अदलाबदलीच्या २. म्हणजे कशाही बसवलेल्या १२ घनांपैकी सरासरी एकच सुटतो. चिठ्ठीत याविषयी एक ओळही नाही. मुलाला वाटते, आपणच चुकलो, आपल्याला गणित जमत नाही. शिक्षकांनी अशा वेळी शेवटचे दोनतीन तुकडे नीट पाहावेत. वरील तिन्हींपैकी काही दिसले, तर घन सरळ उकलावा आणि रंग जुळवून पुन्हा बसवावा.