मोरपिसं दिसली, किंगरी ऐकायची राहिली

दिवाळीच्या सुमारास मोबाइलवर ‘गुसाडी’ असं टाकून पाहा, तेलंगणातल्या आदिलाबादचा सगळा डोंगरपट्टा समोर येतो. डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडं, पायात घुंगरं. राजगोंडांच्या दंडारी या दिवाळीतल्या उत्सवातला हा नाच आता गावच्या अंगणापुरता उरलेला नाही. सरकारी जाहिरातींत तो आहे, पाहुण्यांच्या स्वागताला आहे, टीव्हीच्या बातम्यांत आहे आणि रीलमध्ये तर आहेच. मारलावाईच्या गुसाडी नर्तक कनक राजूंना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या कलेला तिचा मान मिळाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, ऐन दंडारीच्या तोंडावर, ते गेले.

या व्हिडिओंमध्ये मला खटकतो तो आवाज. ढोल आणि पेपरे हे फुंकवाद्य ही दंडारीची स्वतःची साथ. पुष्कळ रीलमध्ये ती पुसून वर एखादं चालतं डीजे गाणं चढवलेलं असतं. पाय एका ठेक्यावर पडतात, कानावर दुसराच ठेका येतो. नाच डोळ्यांना दिसला की काम झालं, अशी समजूत यामागे आहे. त्यामुळे या मुलखाची जी कला केवळ ऐकण्याची आहे, तिच्या वाट्याला काहीच येत नाही.

ती कला म्हणजे परधानांची किंगरी. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. एकेका गोंड कुळाशी एकेक परधान घराणं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं. कुळाचे देव कुठून आले, कोणत्या वाटेनं आले, कोणी कोणाशी सोयरीक केली, हे सारं त्यांच्या तोंडी. आदिलाबादच्या परधानांची घरातली बोली मराठी, आणि कुळकथा मात्र ते गातात गोंडीत. मराठी वाचकानं या कलेकडे परक्याची म्हणून पाहू नये, याला एवढं कारण पुरे. १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानं मारलावाईत गोंड शिक्षकांसाठी केंद्र काढलं, तेव्हा गोंडी वाचनमालाही देवनागरीतच छापली गेली.

किंगरी दिसायला साधी. मांडीशी धरायची, गजानं वाजवायची. गायक एक ओळ टाकतो, साथीदार ती उचलतात. मग गाणं थांबतं आणि गद्यात कथा पुढे सरकते. पुन्हा गज तारेवर येतो, तो मघाच्याच सुराला धरून. ऐकणाऱ्याला या संथपणाची सवय व्हायला वेळ लागतो. पण एकदा ती झाली की पुढची ओळ कधी येते याची ओढ लागते. कथा रात्रभर चालते, आणि रील संपते अर्ध्या मिनिटात. या कलेची आजची अडचण इथे आहे. तिचा तुकडा काढता येत नाही, आणि तुकड्याशिवाय हल्ली काही पुढे पाठवलं जात नाही.

सिनेमानंही इथे फारशी मदत केलेली नाही. २०२२ च्या ‘आरआरआर’नं कुमरम भीम हे नाव जगभर नेलं. निजामाच्या पोलिसांनी १९४० साली जोडेघाटला ज्याला मारलं, तो हा गोंड वीर. त्याच्या नावाचं चित्रपटातलं गाणं करुण आहे, मनाला भिडणारं आहे, पण ते तेलुगूत आहे. ज्या समाजात वीरांच्या आणि देवांच्या कथा किंगरीवर गातात, त्याच समाजाच्या वीराचं गाणं त्याच्या भाषेविना जगभर पोचलं. ही उणीव मला मोठी वाटते.

मध्य प्रदेशातल्या परधानांना वेगळी वाट सापडली. पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम यांनी गाण्यातले देव आणि प्राणी रंगांत उतरवले, भोपाळच्या भारत भवनात चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना जागा दिली, आणि आज ‘गोंड चित्रं’ देशोदेशीच्या दालनांत लागतात. चित्र भिंतीवर टांगता येतं, विकता येतं. गाण्याला समोर बसलेला माणूस लागतो. आदिलाबादच्या परधानांना आजही तोच हवा आहे.

तो माणूस अजून आहे. पौष अमावास्येला भरणाऱ्या केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेसाठी मेश्राम कुळाची माणसं गोदावरीचं पाणी आणायला पायी जातात, तेव्हा परधान त्यांच्या सोबत असतात. आकाशवाणीच्या आदिलाबाद केंद्रावर गोंडी कार्यक्रम लागतात. म्हणजे ऐकणारे संपलेले नाहीत. नीट ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची वाण आहे.

बेला, जैनद, किनवट, राजुरा या पट्ट्यात ज्यांच्या घरी किंवा शेजारी किंगरी वाजवणारे वडीलधारे परधान असतील, त्यांना एवढंच सांगणं आहे. त्या वडीलधाऱ्यांच्या परवानगीनं एक कथा सुरुवातीपासून शेवटापर्यंत ध्वनिमुद्रित करा. मध्ये कापू नका, वरून ठेका चढवू नका. त्यांची हरकत नसेल तर सोबत गायकाचं नाव, गाव, कोणत्या कुळाची कथा आणि गायल्याची तारीख लिहा. आणि त्याची एक प्रत आधी त्यांच्याच नातवंडांच्या मोबाइलमध्ये ठेवा.