सेप्टिमसचा मृत्यू : एक पुनर्विचार

व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) या कादंबरीतील सेप्टिमस वॉरन स्मिथ याच्या आत्महत्येकडे समीक्षक बहुधा प्रतीक म्हणून पाहतात. तो क्लॅरिसा डॅलोवेचे प्रतिरूप आहे, हे एक मत. त्याला लेखिकेच्याच १९२८ च्या प्रस्तावनेचा आधार आहे. त्याचा मृत्यू हे समाजाला दिलेले आव्हान होय, हे दुसरे. दोहोंतही हा मृत्यू टाळता येण्याजोगा होता ही गोष्ट नजरेआड होते.

युद्धातून परतलेल्या सेप्टिमसला मृत मित्र एव्हान्स दिसतो, पक्षी ग्रीक भाषेत गाताना ऐकू येतात. आपण जीव देणार, हे तो पत्नीला, रेझियाला, बोलून दाखवितो. डॉ. होम्स यांना मात्र त्याच्यात काहीच दोष आढळत नाही. छंद लावून घ्यावा, एवढाच त्यांचा उपदेश. सर विल्यम ब्रॅडशॉ यांचे तसे नाही. त्यांना खलनायक ठरविण्याच्या भरात टीकाकार विसरतात, की आजाराचे गांभीर्य ते दोन-तीन मिनिटांत ओळखतात. परंतु रुग्ण अडखळत काही सांगू पाहतो, ते ऐकले जात नाही. आणि रेझियापासून दूर, विश्रामगृहात त्याची रवानगी ठरते. धोका ओळखला जातो, एकाकीपणा मात्र वाढविला जातो.

अखेरच्या दिवशी सेप्टिमस काही काळ सावरतो. पत्नीबरोबर हॅट सजवितो, थट्टा करतो. हा प्रसंग केवळ कारुण्यवृद्धीसाठी योजला आहे, असे आम्हास वाटत नाही. चित्तविकृतीच्या रुग्णास आपल्या स्थितीची जाण येते तेव्हा निराशा बळावू शकते, हे आज चिकित्सकांस परिचित आहे. पामर व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये छिन्नमनस्कतेतील आत्महत्येचे आयुष्यभरातील प्रमाण, पूर्वी रूढ असलेल्या १० टक्क्यांऐवजी, ४.९ टक्के मानले. त्यांतील बहुतेक मृत्यू आजाराच्या आरंभकाळाजवळचे असतात. नॉर्वेतील रोगालँड येथे लोकजागृती करून रुग्णांपर्यंत लवकर पोहोचण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा उपचारास येणाऱ्यांत आत्महत्येचे बेत व प्रयत्न तुलनेने कमी आढळले (२००६). सेप्टिमसलाही शेवटच्या क्षणी मरण नकोच होते. वुल्फ यांनी हे निःसंदिग्धपणे लिहिले आहे.

मग आव्हानाची कल्पना आली कोठून? ती क्लॅरिसाची आहे. मेजवानीत ब्रॅडशॉ दांपत्याकडून वार्ता कळल्यावर, ज्याला तिने कधी पाहिलेही नाही त्याच्याविषयी ती असा विचार करते. समीक्षकांनी तो कादंबरीचा निर्णय मानला. रेझियाला होम्स यांनी गोड औषध पाजून निजविलेले असते. तिचे मत कोणीच विचारीत नाही.