तयारीचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम दिसायला साधा खेळ आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो आणि एक जण गेम मास्टर होतो. पात्रे सोडून उरलेले सगळे जग या एकट्याच्या ताब्यात असते. दाराआड काय आहे, पहारेकरी काय बोलेल, फितुरी कोणी केली, हे सारे त्यानेच सांगायचे. निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकायचे. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ तीन छोट्या पुस्तिकांत छापला गेला. त्याच खेळाच्या 2014 च्या आवृत्तीची तीन मुख्य पुस्तके मिळून हजाराच्या घरात पाने भरतात. खेळाडूला त्यातला आपल्यापुरता भाग आला तरी भागते. गेम मास्टरला मात्र सगळे यावे लागते आणि शिवाय दर बैठकीआधी नकाशे, शत्रूंचे आकडे, गावकऱ्यांची नावे, पुढच्या घटना असा सरंजाम मांडून ठेवावा लागतो. असे खेळ मध्येच थांबतात ते बहुधा गेम मास्टर दमतो म्हणून. गेल्या पंधरा वर्षांत आटोपशीर नियमांची जी लाट आली, ती या दमणुकीवरचा उपाय म्हणून. तिचा दावा असा की नियम कमी केले की तयारीही कमी होते. मला हा दावा अर्धाच खरा वाटतो. नियम कमी केल्याने हिशेबाची तयारी कमी होते. कथेची तयारी कमी व्हायची असेल, तर खेळणाऱ्या सगळ्यांकडे गोष्टींचा एक सामायिक साठा आधीपासून असावा लागतो. याचा पुरावा परदेशी नियमपुस्तकांइतकाच आपल्या रंगभूमीतही आहे.

कोल्हापूरहून पन्नासेक किलोमीटरवरच्या सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ उभे केले. मराठी रंगभूमीचा आरंभ म्हणून आपण तो प्रयोग साजरा करतो, पण त्याच्या रचनेकडे फारसे बघत नाही. भाव्यांनी आख्यानाची पदे रचली होती. पात्रांची भाषणे लिहिली नव्हती. सूत्रधार रंगमंचावर उभा राहून पद म्हणे, त्यातून प्रसंग कळे आणि मग राम, रावण, विदूषक आपापल्या शब्दांत बोलत. राक्षसांच्या आरोळ्यांमुळे पुढे ‘अललडुर्र’ म्हणून हिणवली गेलेली नाटके ती हीच. एकीकडे बांधलेले पद आणि दुसरीकडे मोकळे भाषण, अशी ही वाटणी होती. एका सूत्रधाराच्या बळावर इतकी आख्याने गावोगाव करता आली, याचे श्रेय या वाटणीला द्यावे लागते. 1861 मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले, मागोमाग लिखित संहितेची ‘बुकिश’ नाटके आली आणि नटाचे शब्द नाटककाराच्या हाती गेले. त्यातून आपल्याला देवल, खाडिलकर, गडकरी मिळाले. हा लाभ लहान नव्हे. पण नटांनी मिळून आयत्या वेळी प्रसंग रचण्याची कला नागर रंगभूमीवरून उतरली, हेही त्याबरोबर मान्य करायला हवे.

ती कला घाटाखाली टिकली. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या लगतच्या भागात कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि देवळांपुढे रात्रभर दशावतार चालतो. लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे हे ठरते, भूमिका वाटल्या जातात, रंगरंगोटी होते आणि खेळ उभा राहतो. बाहेरून बघणाऱ्याला हे सारे तयारीवाचून झाल्यासारखे वाटते. मात्र काय बांधलेले आहे आणि काय मोकळे आहे याचा हिशेब मांडला, तर चित्र वेगळे दिसते. पूर्वरंगाचा क्रम बांधलेला आहे: गणपती, सरस्वती, मग वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासुर आणि त्याचा वध. साहित्य बांधलेले आहे: एक बाकडे, पेटी, मृदंग, झांज. त्याच बाकड्याचे सिंहासन होते, पर्वत होतो, पलंगही होतो. पात्रांचे साचे बांधलेले आहेत: राजा, स्त्रीपात्र, नारद, राक्षस. शेवटही ठरलेला असतो, कारण पहाटे दहीकाला व्हायचाच असतो. भाषण तेवढे मोकळे. आणि ते भाषण हवेतून येत नाही. ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ या पोथ्या आणि कीर्तने वर्षानुवर्षे कानांवर पडलेली असतात, वडीलधाऱ्या नटाशेजारी उभे राहून शेकडो रात्री गेलेल्या असतात. प्रेक्षकालाही कथा ठाऊक असते, त्यामुळे अभिमन्यू कोण आणि तो चक्रव्यूहात का शिरला, हे समजावण्यात कोणाची शक्ती जात नाही. म्हणजे एका रात्रीची तयारी कमी दिसते ती त्या प्रदेशाने आधीच करून ठेवलेल्या तयारीमुळे. अलीकडे लोकप्रिय झालेल्या ‘ट्रिकसीन’च्या दशावताराने हा तोल हलवला आहे. यंत्राचा चमत्कार ठरावीक क्षणी व्हायचा असेल, तर त्याआधीचे बोलणेही तिथे नेऊन पोचवावे लागते. गर्दी वाढते हे खरे, पण मोकळी जागा आक्रसते, आणि माझ्या मते हा सौदा महाग आहे.

आता टेबलावरच्या खेळाकडे याच नजरेने पाहू. आटोपशीर नियमांचे दोन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह आकडे कमी करतो. ख्रिस मॅकडॉवल यांच्या ‘इंटू द ऑड’मध्ये वार लागला की चुकला यासाठी फासा नाहीच, इजा किती झाली एवढेच पाहायचे. योचाई गल यांचा 2020 चा ‘केर्न’ त्याच वाटेने जातो. शत्रू एका ओळीत लिहून होतो, त्यामुळे पूर्वी तासभर चालणारी मांडणी दहा मिनिटांत उरकते. हा निर्विवाद फायदा आहे. दुसरा प्रवाह गेम मास्टरचे कामच बदलतो. व्हिन्सेंट बेकर यांच्या 2010 च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये खेळाडू दोन फासे टाकतो. बेरीज दहा किंवा वर गेली तर हेतू साधतो, सात ते नऊ आली तर साधतो पण किंमत मोजावी लागते, सहा किंवा कमी आली तर गेम मास्टर संकट पुढे सरकवतो. गेम मास्टर फासे टाकतच नाही आणि कथानक आधी ठरवून आणत नाही. त्याच घडणीचा ‘डन्जन वर्ल्ड’ (2012) नकाशात मुद्दाम मोकळ्या जागा ठेवायला सांगतो. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये चोरीचा बेत आधी आखावाच लागत नाही, अडचण आली की खेळाडू मागे जाऊन त्या वेळी केलेली तजवीज सांगतो आणि तिची किंमत भरतो. ही मला या सबंध चळवळीतली सर्वांत हुशार युक्ती वाटते, कारण ती नियोजनाचा कंटाळवाणा तास थेट प्रसंगात मुरवते. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या ‘फियास्को’त (2009) तर गेम मास्टरच नाही.

पण हे खेळ चालतात ते कशाच्या जोरावर? ‘ब्लेड्स’ला दरोड्याच्या गोष्टींची ओळख गृहीत धरावी लागते, ‘फियास्को’ला फसलेल्या गुन्ह्यांच्या सिनेमांची, ‘डन्जन वर्ल्ड’ला तर आधीच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चीच. सगळ्यांना माहीत असलेला सांगाडा प्रत्येकाच्या मागे आहे. तो नसेल तर तोच एका पानाचा नियम गेम मास्टरला तोंडघशी पाडतो, कारण जुन्या जाड पुस्तकात निदान उत्तर तरी छापलेले होते. यादृच्छिक तक्ते ही उणीव भरून काढतात असे म्हटले जाते. फासा टाकून ‘पडका मनोरा, रडणारी म्हातारी, चांदीची किल्ली’ मिळतेही. पण या तिघांचा संबंध लावण्याचे काम पुन्हा गेम मास्टरकडेच येते. त्यापेक्षा माइक शे यांनी 2018 च्या पुस्तकात मांडलेली पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. बैठकीआधी दहा गुपिते लिहून ठेवायची, पण ती कुठे आणि कोणाकडून उघड होतील हे ठरवायचे नाही. तयारी इथेही आहे, फक्त वाया न जाणाऱ्या ठिकाणी ठेवलेली.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप न्यायाचा आहे. नियम ही खेळाडूची ढाल असते. नियम काढले की गेम मास्टरची लहर उरते. या वादाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. प्रशियाच्या लष्करात राइसविट्झ यांचा 1824 चा युद्धखेळ तक्त्यांनी आणि फाशांनी चाले. तो जड वाटू लागला, तेव्हा 1876 मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ यांनी बहुतेक तक्ते बाजूला सारून निर्णय पंचावर सोपवला. खेळ वेगवान झाला, कारण पंच अनुभवी सेनाधिकारी होता आणि खेळणारेही तेच शास्त्र शिकलेले होते. त्याचा निर्णय चुकला तर त्यांना तो चुकल्याचे कळत होते. आक्षेप म्हणूनच निम्मा खरा आहे: जिथे सामायिक जाण नाही तिथे आटोपशीर नियम अन्याय करतील. पण जिथे ती आहे तिथे ढालीची जागा खेळाडूंचे स्वतःचे ज्ञान घेते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या लांब खेळांना अधिक नियम लागतात, हा दुसरा आक्षेप मी सरळ मान्य करतो.

मराठी टेबलापुढचा खरा प्रश्न इथून सुरू होतो. ड्रुइड, पॅलाडिन, एल्फ यांचे जग घेऊन बसलेल्या मराठी मुलांना प्रत्येक गोष्ट गेम मास्टरला विचारावी लागते, आणि नियम कितीही पातळ केले तरी ही तयारी त्याच्या डोक्यावरून उतरत नाही. उलट पन्हाळा घ्या. 1660 च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा, 12 जुलैच्या रात्रीचा पाऊस, पालखीत बसलेला शिवा काशीद, मसाई पठाराची वाट, घोडखिंडीतले बाजीप्रभू, विशाळगडाच्या तोफांची वाट पाहणे: कोल्हापूरच्या टेबलावर यातले काहीही समजावून सांगावे लागणार नाही. गेम मास्टरने तीन गोष्टी मोजाव्यात: पावसाचा जोर, पाठलागाचे अंतर आणि पालखीतला माणूस कोण हे शत्रूला कळायला उरलेला वेळ. दोन साधे फासे पुरतात. शेवट माहीत असताना खेळात राम काय, असे कोणी म्हणेल. पण अभिमन्यूचा शेवट माहीत असूनही जत्रेतली माणसे पहाटेपर्यंत बसतात, कारण शेवटापर्यंत तो कसा पोचतो हे त्या रात्रीचे असते. दुसरी भीती अधिक खरी आहे. आपल्या श्रद्धेच्या माणसांच्या तोंडी खेळाडूंनी वाटेल ते शब्द घातलेले कोणालाही रुचणार नाही, आणि रुचू नये. म्हणून महाराज आणि बाजीप्रभू हे कोणाही खेळाडूचे पात्र नसावे. पात्रे असावीत ती नावे न उरलेली: बांदलांचा एखादा मावळा, वाट दाखवणारा धनगर, गडावरची दाणागोटा सांभाळणारी बाई. त्यांचे काय झाले हे इतिहासाने लिहिलेले नाही. ती मोकळी जागा टेबलासाठी आहे.

मराठीत नियमपुस्तक लिहू पाहणाऱ्यांना म्हणूनच माझी विनंती आहे की परकी जाड पुस्तके भाषांतरित करण्यात वर्षे घालवू नका. आधी जत्रेत जाऊन एक रात्रभर दशावतार बघा, काय बांधलेले आहे आणि काय मोकळे आहे ते टिपून घ्या, आणि मग एकाच आख्यानापुरते चार पानांचे नियम लिहा. ते चार अनोळखी जणांच्या हाती द्या. गेम मास्टरला बैठकीच्या आधी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागला, तर नियम पुन्हा लिहा.