हसवण्यापुरती बोली

सिनेमाच्या धंद्याचा स्वतःचा एक नकाशा आहे. वितरक देशाची वाटणी राज्यांप्रमाणे करत नाहीत. त्यांच्या वहीत बॉम्बे असतं, सीपी-बेरार असतं आणि निझामही असतो. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948ला संपलं, 1960 साली महाराष्ट्र झाला, तरी या वहीत नांदेड-लातूर 'निझाम'च्याच पानावर राहिले. हक्कांचा सौदा होतो तेव्हा आमची गणती पुण्याच्या नव्हे, हैदराबादच्या पंगतीत होते.

मला या नोंदीचा राग येत नाही. इथल्या प्रेक्षकाची इतकी नेमकी ओळख दुसऱ्या कुणी करून दिलेली नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या कितीतरी घरांत तेलुगू नात्यागोत्याची भाषा आहे. उदगीरच्या बाजारात कन्नड कानावर पडते. नांदेडच्या जुन्या गावात दखनी चालते, कंधारच्या उरुसात कव्वाली रंगते, हुजूर साहिबात पहाटेपासून गुरबाणीचं कीर्तन सुरू असतं. औशाला नाथ संस्थानचं चक्रीभजन आहे आणि किनवट-माहूरच्या तांड्यांवर बंजारा गाणी आहेत. एवढा वाकबगार कान पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाकडे नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. 'बाहुबली' आला तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला 'साऊथचा सिनेमा' सापडला. आम्हाला तो शेजारच्या घरातला वाटला.

म्हणजे ऐकण्याच्या, पाहण्याच्या बाबतीत आम्ही गर्भश्रीमंत. सांगण्याच्या बाबतीत मात्र हात आखडलेला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या दोन जिल्ह्यांनी पडद्याला, रंगमंचाला आणि गाण्याला काय दिलं याचा हिशेब मांडू लागलो की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. आमच्या बोलीला हसवण्याची परवानगी आहे. प्रेम करण्याची, भांडण्याची, मरण्याची नाही.

या बोलीला महाराष्ट्रभर नेलं ते डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस 1979पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्याने करत राहिला. पन्नासहून अधिक पात्रं, हाताशी एखादी शाल-उपरणं, आणि सगळा खेळ आवाजावर. त्या प्रयोगात बोली थट्टेचा विषय नव्हती. ती बोलणारी माणसं लबाड होती, भाबडी होती, हळवीही होती, आणि एक कालवाकालव त्या हसण्याच्या खालून वाहत होती. पुढच्यांनी त्यातलं वरचं हसू उचललं, खालचं पाणी सोडून दिलं.

मग मकरंद अनासपुरे आले. 'कायद्याचं बोला'मधला त्यांचा वकील, 'गल्लीत गोंधळ, दिल्लीत मुजरा'तलं त्यांचं राजकारण मी आवडीनं पाहिलं आहे. शुद्ध मराठीच्या मक्तेदारीला या नटाने जेवढे धक्के दिले तेवढे एखाद्या साहित्य संमेलनाच्या ठरावांनीही दिले नसतील. पण त्यांच्या यशाचा उद्योगाने काढलेला अर्थ चुकला. 'मराठवाड्याचा माणूस म्हणजे विनोद' असा फॉर्म्युला ठरला. आता दूरदर्शन मालिकेपासून मोबाइलवरच्या रीलपर्यंत एखादं पात्र 'काय करलालास' म्हणालं की पार्श्वसंगीतात टुणटुण वाजलंच पाहिजे, असा जणू नियमच आहे.

रितेश देशमुख यांच्याबद्दल लातुरात बोलताना जपून बोलावं लागतं. बाभळगावचं घर, वडील मुख्यमंत्री राहिलेले. लोक आपलेपणाने पाहतात. त्यांचं मराठी चित्रपटावरचं ऋण मला मान्य आहे. 'बालक-पालक'ने 2013 साली वयात येणाऱ्या मुलांबद्दल न लाजता बोलून दाखवलं. 2014चा 'यलो' तर त्यांनी निर्माण केलेल्या चित्रपटांत मला सर्वांत सरस वाटतो. तो दया न मागता एका मुलीच्या पोहण्याची गोष्ट सांगतो. त्याच वर्षीच्या 'लय भारी'ने मराठीला मसाल्याचा दणका दिला. 2022 संपता संपता 'वेड' आला, रितेश स्वतः दिग्दर्शक, संगीत अजय-अतुलचं, आणि थिएटरं भरली.

पण यादी जरा नीट बघा. 'बालक-पालक' मुंबईच्या चाळीतला. 'लय भारी'ची सारी भक्ती पंढरपूरची. 'वेड' तर मूळ तेलुगू 'मजिली'चा मराठी अवतार. लातूरच्या ताऱ्याचं इतकं मोठं मराठी यश तेलुगूतून यावं, यात वितरकांच्या त्या जुन्या वहीचं पान फडफडताना दिसतं. कलावंतावर गावाचं कर्ज नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी ज्याच्याकडे पैसा आहे, नाव आहे आणि घरात ही बोली आहे, त्यालाही लातूरची गोष्ट सुचू नये, याची मला खंत आहे.

गोष्टी नाहीत असं कुणी म्हणू नये. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून निजले होते, आणि दगडमातीच्या जाड भिंती व माळवदं त्यांच्या अंगावर आली. बावन्न गावं उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं गेली. मिरवणुकीतल्या ढोलापासून पहाटेच्या शांततेपर्यंतच्या त्या काही तासांत एका महान चित्रपटाची पटकथा पडून आहे. तीस वर्षं उलटली. भूकंपावर स्मारक झालं, अहवाल झाले. मनात राहील असा चित्रपट मला अजून भेटलेला नाही.

दुसरी गोष्ट 'लातूर पॅटर्न'ची. राजस्थानातल्या कोटा शहराच्या शिकवण्यांवर 2019 साली 'कोटा फॅक्टरी' आली आणि देशभर गाजली. आमच्याकडे नव्वदच्या दशकापासून गावोगावची पोरं कॉटबेसिसवर खोली घेऊन, डब्यावर जेवून, गुणांसाठी आयुष्य पणाला लावतायत. शिकवणीची फी भरायला वावर विकणारा बाप आहे, मेसवाली मावशी आहे, दुसऱ्यांदा नीट देऊन गावी तोंड न दाखवणारा मुलगा आहे. हे सगळं लातूरच्या रस्त्यावर रोज फुकट दिसतं. ते पडद्यावर पाहायला आम्ही कोट्याला गेलो.

याच्या उलट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याने काय केलं ते आठवा. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 29 एप्रिल 2016ला आला. त्याआधी सतरा दिवस, 12 एप्रिलला, मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात पोचली होती. घागरींच्या रांगा लावून थकलेलं शहर संध्याकाळी तिकिटांच्या रांगेत उभं राहिलं. 'झिंगाट' लोकांनी डोक्यावर घेतलं, पण मला त्या चित्रपटातली वेगळीच गोष्ट मोठी वाटते. सोलापूरकडची रांगडी बोली तिथे पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रेक्षकासमोर प्रेमाची भाषा झाली. आर्ची त्या बोलीत हुकूम सोडते, लाडात येते, घाबरते, आणि कुणी फिदीफिदी हसत नाही. मंजुळेंनी बोलीला नायिका केलं. आम्ही तिला अजून नायकाच्या गबाळ्या मित्राचंच काम देतो.

आता गाण्याकडे वळू. नांदेडहून लातूरला निघालं की लोहा मागे पडतं आणि खंडोबाचं माळेगाव लागतं. मार्गशीर्षाच्या शेवटी तिथली यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, भटक्या जमातींची पालं, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. जिल्हा परिषद तिथे लावणी महोत्सव घेते. हा महोत्सव चालू आहे म्हणून मी आयोजकांना दुवा देतो. पण तो पाहताना मनाचे दोन भाग होतात. बैठकीची अदा, शब्दावर थांबणं, ढोलकीशी सवाल-जवाब हे जाणणाऱ्या कलावंत अजून आहेत. समोरची गर्दी मात्र मोबाइल वर धरून रेकॉर्डवरच्या फिल्मी गाण्याची फर्माईश करते. गेल्या काही वर्षांत 'लावणी'च्या नावाखाली गावोगाव होणारे डीजेचे कार्यक्रम हे या बदलाचं टोक. त्यात नाचणाऱ्या मुलीला दोष देणं सोपं आहे. लावणी ऐकायची असते हे ज्यांनी पोरांना कधी सांगितलंच नाही, त्या आमच्या पिढीचा वाटा त्यात मोठा आहे.

त्याच माळावर रात्री वाघ्या-मुरळीचं जागरण ऐकावं. दिमडी, घोळ, तुणतुणं आणि बसका पण न थकणारा आवाज. माहूरच्या रेणुकेचा गोंधळ, परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी मोठ्या मंचावर नेलेली ती परंपरा, हे आमच्याकडचं अस्सल घराणं आहे. अजय-अतुल यांनी 'जोगवा'सारख्या चित्रपटांत या प्रकारच्या भक्तिसंगीताला मोठा वाद्यवृंद दिला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मला ती गाणी आवडतात. पण त्यांच्यानंतर प्रत्येक संगीतकाराने संबळ हा मसाल्याचा डबा करून टाकला. चित्रपटात कुठेही ताकद कमी पडली की संबळ वाजतो, आणि तो वाजवणारा गोंधळी मात्र लग्नसराईची वाट पाहत बसतो.

या सगळ्यात एकच लोकप्रिय संगीत असं आहे ज्यात इथली बोली ताठ मानेनं उभी असते. ते भीमगीत. वामनदादा कर्डकांनी रचलेली, शिंदे घराण्याने गळ्यागळ्यात पोचवलेली आणि आमच्या वस्त्यांतल्या गायनपार्ट्यांनी आपापल्या चालीत वाढवलेली ही गाणी. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात नांदेड जिल्ह्याने जिवाची किंमत मोजली आणि त्या काळाची स्मृती पुस्तकांपेक्षा या गाण्यांनी जास्त जपली. एप्रिलमध्ये भिंती हादरवणाऱ्या डीजेवर माझाही आक्षेप आहे, कारण त्यात शब्द बुडतात, आणि भीमगीतात शब्दच राजा आहे. तरी इथे बोली कुणाला हसवण्यासाठी येत नाही. ती हिशेब मागायला येते.

शास्त्रीय संगीताचं चित्र दिसतं त्याहून बरं आहे. अण्णासाहेब गुंजकरांनी नांदेडसारख्या गावात गाणं शिकवलं आणि त्यांच्या हाताखालून पं. नाथराव नेरळकर घडले. दर फेब्रुवारीत शंकरराव चव्हाण आणि कुसुमताई यांच्या स्मृत्यर्थ 'संगीत शंकर दरबार' भरतो, देशातले मोठे कलावंत येतात, मैदान भरतं. माझी तक्रार एवढीच की दरबार संपला की वर्षभर घरगुती बैठका फारशा होत नाहीत. गुंजकरांच्या काळी दरबार नव्हता, बैठका होत्या. म्हणून नेरळकर झाले.

नाटकात आमच्याकडे दत्ता भगत आहेत. 'वाटा-पळवाटा' लिहून त्यांनी दलित चळवळीतले आतले वाद निर्भयपणे रंगमंचावर मांडले. राज्य नाट्य स्पर्धेत आजही इथली पोरं नोकऱ्या सांभाळून, पदरचे पैसे घालून नाटकं बसवतात. अशाच एका प्राथमिक फेरीत पाहिलेला प्रसंग मी विसरू शकत नाही. रंगमंचावर शेतकरी बापाचं प्रेत, शेजारी विशीतला मुलगा. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "कामून गेलास रे बापा?" नट चांगला होता. आवाज खरा होता. आणि सभागृह हसलं. पुढच्या रांगेतले, मागचे, सगळे. पोरगा क्षणभर गडबडला, मग पुढचं वाक्य त्याने शुद्ध मराठीत घेतलं.

हसणारे मुंबईचे नव्हते. ते नांदेडचे होते, घरी 'कामून'च म्हणणारे. त्यांच्यात मीही होतो. ओठ माझेही हलले होते. मुंबईच्या निर्मात्यांना दोष देणारे लेख मी पुष्कळ लिहिलेत. त्या संध्याकाळी कळलं की आम्हाला आमच्याच भाषेचं दुःख ऐकायची सवय उरलेली नाही.

ही सवय कोण लावतं? समीक्षक लावतो. याच नांदेडात पीपल्स कॉलेजमध्ये नरहर कुरुंदकर शिकवत होते. मनुस्मृतीवर ज्या तयारीने लिहायचे, त्याच तयारीने ते नाट्यशास्त्रावर आणि कादंबरीवर बोलायचे. 1982 साली ते गेले आणि कलेवर भांडणारी ती परंपरा विरळ होत गेली. आज नाटक झालं की पेपरात बातमी येते: दीपप्रज्वलन कुणी केलं, सत्कार कुणाचा झाला, आभार कुणी मानले. नाटक कसं होतं, यावर एक ओळ नसते. गाण्याच्या कार्यक्रमाची बातमी पाहुण्यांच्या नावांनी भरते, रागाचं नाव येत नाही. ज्या गावात कुणी वाईटाला वाईट म्हणत नाही, तिथे चांगल्यालाही चांगलं म्हणणारा उरत नाही.

माझा निवाडा सांगतो. नांदेड-लातूरला कलेची वाण नाही, गोष्टींची तर मुळीच नाही. उणीव आहे ती आपल्या आवाजावर विश्वास ठेवणाऱ्या निर्मात्याची, आणि त्याहून जास्त तो आवाज गंभीरपणे ऐकणाऱ्या प्रेक्षकाची. निर्माते घडवणं माझ्या-तुमच्या हातात नाही. प्रेक्षक होणं आहे. पुढच्या स्पर्धेत एखादं पोरगं 'कामून' म्हणालं, तर हसण्याआधी त्याचं पुढचं वाक्य ऐका. ते त्याला त्याच बोलीत पुरं करू द्या.