शरदातील दोन पायवाटा

निसर्गकविता म्हटली की आपल्याकडे ‘रम्य’, ‘मनोहर’ अशा विशेषणांची रास पडते. झाडाचे वा पाखराचे नाव मात्र क्वचितच सापडते. इंग्रजी शरदावरील दोन कविता शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे ही उणीव अधिक बोचते. दोन्ही कविता पायी फिरताना स्फुरल्या आहेत.

पहिली जॉन कीट्सची ‘टू ऑटम’. १८१९ च्या सप्टेंबरात कीट्स विंचेस्टर येथे राहत होता. कॅथेड्रलच्या आवारातून निघून नदीकाठच्या कुरणांतून सेंट क्रॉसपर्यंत जावे, हा त्याचा परिपाठ. १९ सप्टेंबरच्या रविवारी कापणी झालेली शेते पाहून तो परतला आणि ही कविता लिहिली. तिच्या तेहतीस ओळींत ‘मी’ हा शब्द एकदाही येत नाही. शेवटच्या कडव्यात चिलटे आहेत, आता पुरती वाढलेली कोकरे आहेत, कुंपणातील रातकिडे, रॉबिन आणि भिंगऱ्या आहेत; प्रत्येकाचा आवाज निराळा. वाळुंजांमधील चिलटांचा थवा वारा उठला की वर जातो, पडला की खाली येतो. हे घरात बसून सुचत नाही. रॉबिनची निवडही अचूक आहे. बहुतेक पक्षी मुके झालेले असताना रॉबिनचे नर आणि मादी दोघेही हिवाळ्यासाठी आपापली हद्द राखण्याकरिता गात असतात.

या कवितेत मरणाची चाहूल आहे, असे समीक्षक म्हणतात. सतरा महिन्यांनी कीट्स रोममध्ये वारला, हे आपल्याला ठाऊक असते. चाहूल आहे खरी; पण ती चिलटांच्या रुदनात आहे. कवी स्वतः रडत नाही.

दुसरी कविता येशूसंघीय जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांची ‘हुर्राइंग इन हार्वेस्ट’. १ सप्टेंबर १८७७ ही तिची तारीख. तीनच आठवड्यांनी त्यांची गुरुदीक्षा झाली. वेल्समधील एल्वी नदीवर मासे धरून एकटेच परतताना त्यांना ती सुचली. धान्याच्या उभ्या पेंढ्या आणि मेघ एवढेच पाहून कवीची दृष्टी पाचव्या ओळीतच तारणाऱ्याला शोधू लागते. आपल्या वाचकांना ही कविता अधिक जवळची वाटावी, हे स्वाभाविक आहे. मलाही वाटते. मात्र शरदाचे दर्शन कीट्सकडेच अधिक घडते, हे मान्य केले पाहिजे. हॉपकिन्स यांची झेप पोकळ वाटत नाही, याचे कारण त्यांच्या रोजनिशीत आहे. १८६६ पासूनच ते ओकच्या पानांची ठेवण न्याहाळून टिपत होते. सृष्टी समोर होतीच, उणीव पाहणाऱ्याची होती, अशी कबुली या कवितेत आहे. ती देण्याचा अधिकार त्यांनी असा मिळवला होता. आपल्या भक्तिपर निसर्गकवितेने त्यांची झेप तेवढी उचलली, टिपणवही उचलली नाही. म्हणून तिच्यात निर्माता पहिल्याच ओळीत भेटतो आणि निर्मिती शेवटपर्यंत भेटत नाही.

कीट्सच्या अखेरच्या ओळीत भिंगऱ्या आकाशात जमतात. इंग्लंडातील त्या भिंगऱ्या दक्षिण आफ्रिकेकडे जातात. त्यांच्याच जातीची आशियातील पाखरे शरदात आपल्याकडे उतरतात आणि विजेच्या तारांवर ओळीने बसलेली दिसतात. त्यांच्यावर आपल्या कवींपैकी कोणी लिहिलेले अद्याप माझ्या वाचनात आलेले नाही.